माडीवर उघडलेली खिडकी

"मग खिडकी उघडली कुठे?" चिमाआक्कांनी विचारलं.

रुक्मांगद खाली ओवरीत कॉम्प्युटरपुढं बसला होता. समोरचा पडदा काळा.

उत्तर माडीवरून आलं. विश्वस्त दाजीबा वरून ओरडत होते, "अहो आक्का! इथं माझ्यापुढं आपोआप नकाशाचा कागद उघडलाय! भूत शिरलंय का काय यात?"

"भूत नाही, दाजीबा. माझा शिष्य आहे."

ओवरीतल्या मुली खुदकन हसल्या. रुक्मांगदाचे कान लाल झाले.

मठ नदीकाठचा. देणगीत आलेला दमदार कॉम्प्युटर माडीवर, गादीशेजारी. मुलींनी माडी चढायची नाही, हा नियम. तो कुणी केला ते विचारू नये. ज्यांच्या सोयीचा होता त्यांनीच केला. आक्कांच्या वर्गातल्या मुलींसाठी खाली ओवरीत एक जुनं डबडं. दोन्हींवर लिनक्स ही एकच प्रणाली, मधे एक लांबलचक वायर.

घरांचे नकाशे काढायचा प्रोग्राम त्या डबड्याला पेलेना. आक्कांचं म्हणणं, प्रोग्राम वर चालू दे, त्याची खिडकी खाली उघडू दे; मुली खाली बसून काम करतील. दाजीबांचं म्हणणं, दुपारच्या आरतीपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर वर्ग बंद, आणि ओवरीत नारळाची पोती.

"हा तर माझ्या डाव्या हातचा मळ," असं रुक्मांगद सकाळीच बोलून बसला होता.

"दोष या डबड्याचा," आता तो म्हणाला. "मी इथून वायरीवाटे वरच्यात शिरलो. प्रोग्राम सुरू केला. माझं चुकलं असतं तर तो वर तरी चालला असता का?"

"खिडकी कुठे उघडायची, ते काय सांगितलंस त्या वरच्याला?"

"स्वच्छ सांगितलं. 'इथल्या पडद्यावर उघड.'"

"हं…"

आक्का उठल्या. जिन्याशी जाऊन काठी टेकून उभ्या राहिल्या.

"रुक्मांगदा, वर जा."

"आक्का, आरतीची वेळ होत आली…"

"जा म्हणते ना!"

तो धडधडत वर गेला.

"पोचलास?"

"पोचलो!"

"कुठे आहेस?"

"इथं!"

आक्कांनी खालच्या फरशीवर काठी आपटली. "इथं? मला तर दिसत नाहीस."

"अहो, इथं म्हणजे…"

…

वरून दाजीबांचा आवाज आला, "काय रे, जीभ गिळलीस?"

मग जिना पुन्हा धडधडला. पायऱ्या गाळत रुक्मांगद खाली आला आणि आक्कांच्या पायाशी वाकला.

"पाया नंतर पड. मुली खोळंबल्यात."

तो बसला. 'इथल्या पडद्यावर' ही ओळ खोडली. जोडणी तोडली, पुन्हा जोडली. या खेपेला जोडतानाच आपला पडदा तिच्याबरोबर बांधून दिला. मग प्रोग्रामचं तेवढं नाव लिहिलं. कुठे उघड, हे सांगितलंच नाही.

मुली दाटीवाटीनं पडद्यावर वाकल्या.

काळ्या पडद्यावर आधी नुसती चौकट आली. मग हळूहळू तिच्यात पांढरा कागद भरला.

"आली गं बाई, आली!"

मुलींनी छप्पर डोक्यावर घेतलं. पुढच्या मुलीनं माउस ओढून पहिली भिंत काढली. दुसरीनं तिला कोपरानं सारून स्वयंपाकघर ऐसपैस केलं. तिसरी ओरडली, "अगं, आजोबांच्या खाटेला जागा ठेव!"

दाजीबा जिन्यावरून वाकून बघत होते. एकदा वर, एकदा खाली. "वर तर काहीच दिसत नाही!"

"नाही दिसणार," रुक्मांगद म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्या आवाजात मिजास नव्हती.

आरतीची घंटा झाली. पण एकही मुलगी जागची हलली नाही.

दाजीबा उतरले. तोंड कारलं खाल्ल्यासारखं. पोतीबिती सगळं विसरून, जानव्याची किल्ली चाचपत म्हणाले, "जमलं, ठीक आहे. वर्ग चालू द्या. पण नियम तो नियम! माडीला कुलूप राहील, आणि किल्ली माझ्याकडं."

आक्का हसल्या.

"ठेवा की, दाजीबा. दार इकडं उघडलंय."