टाचेची भेग

“...आणि तुझे मन तेव्हा हलले नाही?”

“तसूभरही नाही, महाराज,” अमलानंद म्हणाला.

खाडीवरच्या टेकडीवरील त्या मठात अमलानंदाला संन्यास घेऊन तीन वर्षे झाली होती. डोंगरापलीकडच्या मठाचा प्रमुख म्हणून त्याने उद्या निघायचे की नाही, हे वृद्ध केवलस्वामी आज ठरवणार होते. म्हणूनच कदाचित, कोणी न विचारता, तो कालची हकिगत सांगू लागला होता.

काल दर्शनाच्या रांगेत त्याची आई आली होती.

“मी मान वर केली नाही. तिने पायांवर डोके ठेवले. इतरांना देतो तोच आशीर्वाद मी तिला दिला. ‘स्वामीमहाराज’ एवढेच म्हणाली आणि पुढे सरकली.”

“मान वर केली नाहीस. मग ती आई, हे कळले कशावरून?”

अमलानंदाची नजर आपल्या पायांकडे गेली.

“अंगठ्यावरून... माझ्या टाचेच्या भेगेवर तिने अंगठा फिरवला.”

“हं.”

“लहानपणी ती अशीच...” त्याने वाक्य सोडून दिले.

स्वामींनी विचारले, “संन्यासी आणि आई यांच्याबद्दल आपला नियम काय? नव्या शिष्यांना तूच तर शिकवतोस.”

“दीक्षेनंतर संन्याशाला सारे वंदन करतात; जन्मदाता पितासुद्धा. एकट्या आईला मात्र संन्याशानेच वंदन करायचे.” अमलानंदाचा आवाज पुन्हा स्थिर झाला. “परंतु त्यासाठी तिला आई मानावे लागते. मी तीही ओळख उरू दिली नाही. मला वाटते, नियमाच्याही एक पायरी वर...”

“चढलास खरा,” स्वामी म्हणाले. “वरून माणसे दिसतात ना रे?”



स्वामींनी आसनामागून केळीच्या पानाची पुडी काढली व उलगडली. आत कोकमतेलाचा घट्ट गोळा होता. गरम असतानाच मुठीत दाबून वळलेला. त्यावर चार बोटांचे ठसे स्पष्ट उमटले होते.

“जाताना आचाऱ्याकडे ठेवून गेली.”

“कोणासाठी?”

“नाव घेतले नाही. म्हणाली, ‘टाचा फुटल्यात ज्या स्वामींच्या, त्यांना द्या. आधी कोमट पाण्यात पाय बुडवायला सांगा. ऐकायचा नाही तो... पण सांगा.’”

अमलानंदाने खिडकीकडे तोंड वळवले. “गेली असेल एव्हाना.”

“काल तिची होडी चुकली. आज दुपारच्या होडीसाठी धक्क्यावर बसली आहे म्हणे.”

बोलता बोलता स्वामींनी नखाने गोळ्याची कड खरवडली, तो तुकडा पळीत टाकला आणि पळी शेजारच्या शेगडीवर धरली. तेल विरघळले. मग त्या ऐंशी वर्षांच्या माणसाने भिंतीचा आधार घेत आसन सोडले, एक एक गुडघा टेकवत उभ्या अमलानंदासमोर जमिनीवर बैठक मारली, तेलात बोटे बुडवली आणि त्याची उजवी टाच धरली.

अमलानंदाने पाय झटकन मागे ओढला.

“महाराज! हे काय करता? आपण माझ्या पायाला हात लावायचा? मला पाप लागेल!”

स्वामी तसेच बसून राहिले. बोटांवरून कोमट तेल ओघळत होते.

“काल का नाही ओढलास?”

 

अमलानंदही खाली बसला. त्याने पान जवळ ओढले आणि गोळ्यावरच्या ठशांवर आपली बोटे ठेवून पाहिली. ठसे लहान होते. त्याची बोटे त्यांत मावेनात.

खालून, खाडीच्या बाजूने, होडीवाल्याची पहिली हाक आली.

“महाराज,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “उद्या मी... त्या मठाकडे निघायचे का?”

स्वामी पळी पुसत होते.

“उद्याचे उद्या. आधी धक्क्यापर्यंत जाता येते का, बघ.”