म्हशीला आठ दिवस

बाळ रडलं की आईच्या दुधाला नावं ठेवायची आणि आईने उपाय केला की तिलाच दीडशहाणी ठरवायचं, ही रीत ज्यांनी पाडली त्यांनी एकदा तरी रडतं पोर तासभर खांद्यावर घेऊन फिरावं.

रेवती महिनाभर तशीच फिरत होती. तिची दोन महिन्यांची लेक अंगावर प्यायली की पाय पोटाशी घेऊन कळवळायची. डॉक्टरांनी रेवतीलाच पंधरा दिवस दूध, दही, तूप बंद करायला सांगितलं. आठवड्याने रडणं जरा उतरलं, तोच सासरे तूप घातलेल्या दुधाचा पेला घेऊन समोर उभे राहिले. आबा गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. सोसायटीला दूध घालणारा बाबू खोतही तिथेच बसला होता.

"चेअरमनची सून दूध सोडते? गावात तोंड कुठं दाखवू? आईच्या खाण्याचा तिच्या दुधाशी काय संबंध? पी, माझ्यासमोर."

रेवतीने पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "आबा, गेल्या महिन्यात तुम्ही खोतकाकांचं दूध परत का पाठवलं?"

"वास मारत होतं. म्हशीला कांद्याची पात घातली होती यानं."

"मग?"

"मग काय, चारा बदलायला लावला."

"तुमच्या नातीनेही माझं दूध परत पाठवलंय, आबा. म्हणून मीही चारा बदललाय."

पेला आबांच्या हातातच राहिला. खोत खाकरला.

"चेअरमन, माझ्या म्हशीला तुम्ही आठ दिवस दिले होते. सूनबाईला पंधरा तरी द्या."