ठमी मुंगी आणि बरणीचं हट्टी बूच

ही गोष्ट खरी आहे. अगदी खरी. गळ्याची शपथ!

मी स्वतः तिथे होतो. दारातच उभा होतो. म्हणजे, दारात नव्हतो, घरी होतो. घरी म्हणजे, पांघरुणात होतो. पण पांघरुणाला भोक होतं. भोकातून मला सगळं दिसलं. दिसलं म्हणजे, ऐकू आलं. ऐकू आलं म्हणजे, वास आला.

तर ऐका.

भोरच्या बाजारात मुक्तामावशीचं दुकान. दुकानात काय? जुनी जुनी काच! बरण्या, वाट्या, पेले, सुरया. पणजोबांच्या पणजोबांनी जिच्यातून सरबत प्यायलं, ती. फळीवर सगळी दाटीवाटीने बसलेली. रस्त्यावरून ट्रक गेला की किण किण किण!

थंडीची सकाळ होती. ठमी मुंगी आली. तुरु तुरु तुरु. डोक्यावर साखरेचा दाणा. एकच. पण केवढा! ठमीच्या डोक्याएवढा.

आज ठमीच्या भाच्याचं बारसं. ठमी त्याची आत्या. साखर आत्यानेच आणायची. नाव आत्यानेच ठेवायचं. आणि मुंग्यांचा नियम पक्का: साखर नाही, तर नाव नाही!

बाळ पाळण्यात. मुंग्या रांगेत. सगळ्या आत्याची वाट बघतायत.

ठमी बरणीच्या काठावरून चालली होती. तुरु तुरु तुरु. तेवढ्यात मावशीला शिंक आली.

आँ... आँ... आँक्छी!

फळी हलली. दाणा सुटला. टुप! पडला बरणीत. काठावर टेकवलेलं काचेचं बूच घसरलं. खट्ट! बसलं बरणीच्या तोंडात. घट्ट!

मावशीने नाक पुसलं. पुन्हा डोळे मिटले. घुर्रर्र फुस्स. घुर्रर्र फुस्स.

ठमी बरणीकडे बघते. दाणा दिसतो. दाणा मिळत नाही. काच ना ती!

ही बरणी फुंकलेली, बरं का. एका माणसाने लांब नळीतून फूऽऽऽ केलं. काच फुगली. फुग्यासारखी! झाली बरणी.

ठमी म्हणाली,
"बरणीताई, बरणीताई, साखर दे.
साखर मिळेल, तर बाळाला नाव मिळेल!"

बरणी म्हणाली, "मी कशी देऊ? तोंडात बूच आहे. ऊं ऊं ऊं!"

बूच म्हणालं, "मी नाही हलणार. मला इथे छान वाटतंय. तेल पडेल, तर बूच सुटेल."

ठमी निघाली. तुरु तुरु तुरु. कोपऱ्यात होती तेलाची वाटी.

ही वाटी फुंकलेली नाही हं. ही दाबलेली. साच्यातून मोदक काढतात ना? तशीच. गरम काच साच्यात घातली, वरून दाबली, डप्प! झाली वाटी. पोटाला फुलं. बुडाला चांदणी. अडकलेली बुचं सोडवायला मावशी तिच्यात खोबरेल तेल ठेवायची.

ठमी म्हणाली,
"वाटीताई, वाटीताई, तेल दे.
तेल पडेल, तर बूच सुटेल,
बूच सुटेल, तर साखर मिळेल,
साखर मिळेल, तर बाळाला नाव मिळेल!"

वाटी म्हणाली, "त्या फुगलेल्या बाईसाठी? बरं, बाळासाठी देते. पण थंडी बघ! तेलाचा झालाय दगड. ऊन येईल, तर तेल पडेल."

ठमी निघाली. तुरु तुरु तुरु. ऊन उंबऱ्यावर लोळत होतं.

ठमी म्हणाली,
"ऊनदादा, ऊनदादा, आत ये.
ऊन येईल, तर तेल पडेल,
तेल पडेल, तर बूच सुटेल,
बूच सुटेल, तर साखर मिळेल,
साखर मिळेल, तर बाळाला नाव मिळेल!"

ऊन म्हणालं, "वाटी कोपऱ्यात. मी सरळ जाणारा माणूस. मला वळता येत नाही. लोलक चमकेल, तर ऊन येईल."

लोलक म्हणजे काचेचा थेंब. कधीतरी झुंबरातून निसटला, आता दोऱ्याला लटकला. ठमी भिंतीवर चढली. तुरु तुरु तुरु. दोऱ्यावरून उतरली. झुल झुल झुल.

ठमी म्हणाली,
"लोलकराव, लोलकराव, चमका ना.
लोलक चमकेल, तर ऊन येईल,
ऊन येईल, तर तेल पडेल,
तेल पडेल, तर बूच सुटेल,
बूच सुटेल, तर साखर मिळेल,
साखर मिळेल, तर बाळाला नाव मिळेल!"

लोलक म्हणाला, "चमकू कसा? दिवाळीपासून आंघोळ नाही. धूळच धूळ! फडकं पुसेल, तर लोलक चमकेल."

ठमी निघाली. तुरु तुरु तुरु. फडकं खुंटीवर होतं. कडक! वाकडं! पापडासारखं!

ठमी म्हणाली,
"फडकेमामा, फडकेमामा, पुसा ना.
फडकं पुसेल, तर लोलक चमकेल,
लोलक चमकेल, तर ऊन येईल,
ऊन येईल, तर तेल पडेल,
तेल पडेल, तर बूच सुटेल,
बूच सुटेल, तर साखर मिळेल,
साखर मिळेल, तर बाळाला नाव मिळेल!"

फडकं म्हणालं, "आई गं! कंबर धरलीय माझी. वाळून कोळ झालोय. सुरई ओतेल, तर फडकं पुसेल."

दमलात? मी दमलो. ठमी नाही दमली.

तुरु तुरु तुरु. सुरई स्टुलावर उभी होती. पोटात पाणी. मान ही एवढी लांब!

ठमी म्हणाली,
"सुरईबाई, सुरईबाई, पाणी ओता.
सुरई ओतेल, तर फडकं पुसेल,
फडकं पुसेल, तर लोलक चमकेल,
लोलक चमकेल, तर ऊन येईल,
ऊन येईल, तर तेल पडेल,
तेल पडेल, तर बूच सुटेल,
बूच सुटेल, तर साखर मिळेल,
साखर मिळेल, तर बाळाला नाव मिळेल!"

सुरई म्हणाली, "इश्श! मी आपण होऊन वाकत नसते. मी फुंकलेली आहे, म्हटलं! दाबलेली नाही."

कोपऱ्यातून वाटी ओरडली, "ऐकलं हं मी!"

सुरई म्हणाली, "ऐक की! मावशी उठेल, तर सुरई ओतेल."

आता उरली मावशी. मावशी खुर्चीत. घुर्रर्र फुस्स. घुर्र केलं की पेले पुढे, फुस्स केलं की पेले मागे. किण किण किण!

ठमी पायावर चढली. गुडघ्यावर चढली. खांद्यावर चढली. मोठ्ठा श्वास घेतला.

"मावशी, मावशी, ऊठ ना.
मावशी उठेल, तर सुरई ओतेल,
सुरई ओतेल, तर फडकं पुसेल,
फडकं पुसेल, तर लोलक चमकेल,
लोलक चमकेल, तर ऊन येईल,
ऊन येईल, तर तेल पडेल,
तेल पडेल, तर बूच सुटेल,
बूच सुटेल, तर साखर मिळेल,
साखर मिळेल, तर बाळाला नाव मिळेल!"

मावशी म्हणाली, "घुर्रर्र फुस्स."

समोरच्या दुकानातून गुणाजी शिंपी ओरडले, "अहो मुक्ताबाई! दुकान उघडं नि डोळे बंद! गिऱ्हाईक येऊन परत जाईल बघा!"

मावशी म्हणाली, "घुर्रर्र फुस्स."

झालं! आता काय? बाळ बिननावाचं राहणार? त्याला हाक कशी मारायची? "ए तू"? "ए हा"? "ए जरा तो"?

ठमीच्या डोळ्यात पाणी आलं. मुंगीच्या डोळ्यात मावेल एवढंच.

मग ठमी उभी राहिली. ती कोण? आत्या! आत्याला काय येतं? आत्याला बारशाचं येतं! बारशाला बाळाच्या कानात काय करतात?

ठमी गेली मावशीच्या कानापाशी. तोंड लावलं. आणि म्हणाली,

"कुर्रर्रर्रर्रर्र!"

मावशी उडाली! खुर्ची उडाली! चष्मा उडाला!

"अगं बाई बाई बाई! कुणाचं बारसं? माझं?"

"नाही मावशी, माझ्या भाच्याचं!" ठमी म्हणाली. आणि तिने सगळं सांगितलं. सुरईपासून साखरेपर्यंत. भर भर भर.

मावशी म्हणाली, "आत्याबाई होय तुम्ही! मग आधी नाही का कानात सांगायचं? चल!"

मावशी उठली.
सुरई वाकली. भळ भळ भळ!
फडकं भिजलं. मऊ मऊ मऊ!
लोलक पुसला. लख लख लख!
ऊन लोलकात शिरलं. वळलं! लाल झालं, पिवळं झालं, निळं झालं, जांभळं झालं. मावशीचं नाक हिरवं झालं!
ऊन वाटीवर बसलं. तेल वितळलं. टिप टिप टिप!

मावशीने तेलात बोट बुडवलं. बुचाभोवती फिरवलं. गोल गोल गोल.

गुणाजी शिंपी दारात आले. "ओढा की जोरात! पक्कड आणू?"

"पक्कड ठेवा तुमच्या खिशात," मावशी म्हणाली. "जुनी काच आहे ही. तिच्यावर जोर नाही करायचा. तिचे लाड करायचे."

आणि मावशीने लाड केले. लाकडी डाव घेतला. हळूच वाजवला. टिक टिक. इकडून टिक. तिकडून टिक. बुचाला झाल्या गुदगुल्या!

"हीऽऽ ही ही! हीऽऽ ही ही! पुरे! पुरे! सुटतो!" बूच म्हणालं.

पॉक्!

बूच सुटलं. मावशीने बरणी आडवी केली. दाणा आला घरंगळत. गड गड गड. थेट ठमीच्या डोक्यावर!

"पळ आत्याबाई, पळ!" मावशी म्हणाली.
"पळ!" बरणी म्हणाली.
"पळ!" वाटी म्हणाली.
"पळा!" सुरई म्हणाली. आणि मान जराशी वाकवली. आपण होऊन!

तुरु तुरु तुरु तुरु तुरु तुरु!

ठमी घरी पोचली. मुंग्या नाचल्या. पाळणा हलला. बाळाच्या तोंडात साखर घातली. चिमुकली. ठमीने बाळाच्या कानाला तोंड लावलं. कुर्रर्रर्र!

आणि नाव ठेवलं. काय ठेवलं? लोलक! लोलक मुंगळे!

बारशाला आत्याच्या पाठीत धपाटे घालतात ना? तसे मुंग्यांनी घातले. धप धप धप! एकेका मुंगीला सहा सहा पाय! ठमीची पाठ लाल. ठमीचे गाल लाल. ठमी हसतेय, हसतेय, हसतेय.

साखरेएवढी गोष्ट बरणीएवढी झाली, बूच लागलं, संपली!

आता एक सांगून टाकतो. या गोष्टीत थोडं माझ्या पदरचं आहे. बरणी बोलली, ते खरं. बूच हसलं, ते खरं. मावशीचं नाक हिरवं झालं, ते तर अगदी खरं. पण मावशी घोरत होती ना, घुर्रर्र फुस्स? ते मी घातलं. मावशी कधीच घोरत नाही. ती डोळे मिटून विचार करते.

असं मावशी म्हणते. आणि ती माझ्या मागेच उभी आहे. हातात डाव घेऊन.