लुकास पाद्रींच्या कबरीवरचं पाणी

करंजोळ बेटावर उतरलेला माणूस आपल्या माणसाच्या कबरीवर फूल ठेवण्याआधी जुन्या मठाच्या चर्चपाशी जातो आणि उंबऱ्यालगतच्या कबरीवर तांब्याभर गोडं पाणी ओततो. पाहुण्यांना होडीतून आणणारे म्हातारे इनास तांडेल हे आधीच बजावतात. कारण विचारलं, की सावलीत टेकून सांगतात.

फार पूर्वी, म्हणे, किनाऱ्यावर पटकीची साथ आली. आजाऱ्यांना या मठात ठेवलं, आणि त्यांच्याजवळ वयोवृद्ध लुकास पाद्री तेवढे राहिले. बेटावरची विहीर खारी. प्यायचं पाणी बस्त्याव तांडेल होडीतून आणायचा. पाणी संपत आलं, की पाद्री घंटा वाजवायचे.

बस्त्यावचा शेजारी साथीत गेला आणि त्याने हाय खाल्ली. घरात लहान लेकरं होती. त्या दिवशी तो बेटाला लागलाच नाही. ओहोटीने उघड्या पडलेल्या वाळूच्या दांड्यावर त्याने पाण्याचे घडे ठेवले, लांबूनच हाक दिली आणि होडी फिरवली. पुनवेचं उधाण होतं. भरती दांड्यावर चढणार, हे तांडेलाला कोणी सांगायला हवं होतं का? पाद्री तोवर घडे नेतील, अशी त्याने मनाची समजूत घातली. म्हाताऱ्याला चिखल तुडवत यायला किती वेळ लागेल, याचा विचार त्याने मुद्दामच केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून घंटा वाजू लागली. बस्त्याव अंगणात जाळं विणत बसला. बायकोने आठवण केली, तर म्हणाला, वारा पडू दे. वारा नव्हताच. दुपारी घंटा थांबली, तेव्हा मात्र त्याच्याने बसवेना.

तो पोचला, तर पाद्री उंबऱ्याशी निपचित पडलेले. शेजारी दांड्यावरून ओढत आणलेले घडे होते, न फुटलेले, काठोकाठ भरलेले. बस्त्यावने बोट बुडवून चाखलं. खारट. मठातलं उरलंसुरलं गोडं पाणी पाद्रींनी आजाऱ्यांना पाजलं होतं, स्वतःला घोटभरही ठेवलं नव्हतं.

आतून रुझाय नावाची आजारी म्हातारी सरपटत दारापर्यंत आली. ही आता शिव्याशाप देणार, असं बस्त्यावला वाटलं. दिले असते तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "पाद्रीबाबा सांगत व्हते, तांडेल वाटेत हाय. तो कदी चुकायचा नाय."

बस्त्यावने कबर आपल्या हाताने खणली आणि तिच्यावर गोडं पाणी ओतलं. साथ सरली, तरी मरेपर्यंत ओतत राहिला. लोकांनी त्याला माफ केलं, असं सांगतात. त्याने स्वतःला केलं नाही.

आजही ही कबर कोरडी राहत नाही. गोष्ट संपली, की पाहुण्यांतलं कोणीतरी घामाघूम झालेल्या इनासकाकांपुढे पाण्याची बाटली धरतं. ते हात जोडून नको म्हणतात. बस्त्यावच्या वंशातला तांडेल या बेटावर पाणी पीत नाही. घशाला कोरड पडली, तरी होडी किनाऱ्याला लागेपर्यंत थांबतो.