उंदरिणीचा ताप

"म्हणजे पिल्लं हिवतापानं मेली नाहीत?"

भंते शीलरत्नांनी सुईत दोरा ओवता ओवता विचारलं. मांडीवर उसवलेलं चीवर होतं.

"नाही, भंते," निरंजन गजभिये म्हणाला. "आईनं मारली. तिच्याच अंगातल्या फौजेनं."

हे सांगताना त्याचा आवाज जरा चढला. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत गाभण उंदरिणींना हिवतापाचे जंतू टोचायचे आणि त्यांचं अंग त्या जंतूंशी कसं झुंजतं ते बघायचं, हे त्याचं काम. त्या कामात त्याचं नाव झालं होतं. लहानपणी तो याच विहारात भंतेंकडे पाली शिकला होता. आज फार वर्षांनी पायरी चढला होता.

"नीट सांग."

"एरवी जंतू रक्तात शिरले की अंग त्यांच्यावर तुटून पडतं. पण पोटात पिल्लं असली की हात आखडता घेतं. पिल्लं अर्धी बापाची, म्हणजे अंगाला परकीच ना. त्यांना इजा व्हायला नको. तेवढ्यात जंतू वाढतात. मग अंगाला राहवत नाही, ते चवताळतं. त्या चकमकीत पिल्लांना पोसणारी वार नासते... पिल्लं आतल्या आत जिरून जातात."

"आणि चवताळलंच नाही तर?"

"औषधानं दाबून पाहिलं. पिल्लं जास्त दिवस टिकतात. पण फारच दाबलं, तर जंतू माजतात. आई जाते."

"मग त्या बिचारीनं करायचं काय?"

निरंजन हसला. "हा प्रश्न शास्त्राचा नाही, भंते."

भंते टाके घालत राहिले.

"मग शास्त्र सोडून इतक्या लांब का आलास?"

...

"उत्पला बोलत नाही," निरंजन म्हणाला.

उत्पला त्याची बायको. पाचव्या महिन्यात माहेरी, गडचिरोलीकडे गेली होती. तिथं तिला हिवताप झाला. औषधं मिळाली, ती वाचली. पोटातलं मूल राहिलं नाही.

"सारखी विचारायची, माझंच काही चुकलं का? मच्छरदाणी नीट खोचली नसेल, अंगात ताकदच कमी पडली असेल... रडरड रडायची. म्हणून मी तिला समजावून सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"जे खरं ते. की ताकद कमी पडली नाही, उलट... तुझ्याच अंगानं केलं असणार, म्हणालो. आलेखही दाखवला. उंदरिणींचा."

सुई थांबली.

"मग?"

"रडायची थांबली. त्या दिवसापासून अबोला. ताट वाढते, माझ्यापुढे सरकवते, आत निघून जाते." त्याचा आवाज पुन्हा चढला. "मी खोटं काही बोललो का, भंते? खोटं बोलू नये, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

भंतेंनी चीवर बाजूला ठेवलं.

"गाभण उंदरीण पिंजऱ्यातून कशी काढतोस?"

"म्हणजे?"

"शेपटी धरून?"

"छे, छे! शेपटी धरून कधीच नाही. घाबरते ती. ताप असला तर जास्तच."

शिकवायच्या सवयीनं त्याचे हात आपोआप पुढे आले. दोन्ही तळवे जुळवून त्यानं ओंजळ केली, जमिनीलगत नेली आणि थांबला.

"असे धरायचे, तिच्यासमोर. ती आपण होऊन चढेपर्यंत थांबायचं. घाई करायची नाही. मग पोटाला दाब न लागता, अलगद..."

ओंजळ हळूहळू वर आली. छातीशी येऊन थांबली.

भंते बघत होते.

निरंजननं खाली पाहिलं. ओंजळ रिकामी होती.

...

"मी आलेख दाखवला, भंते," तो पुटपुटला. "तिच्याजवळ बसलोसुद्धा नाही."

डोळे पुसायला तो जुळवलेले हात सोडवू लागला.

भंतेंनी त्याची ओंजळ खालून सावरून धरली. सुटू दिली नाही.

"अशीच घरी ने."