धाकोजीने न बांधलेली होडी

खूप खूप जुनी गोष्ट आहे. खाडीकाठच्या एका राज्यात दरवर्षी तरुणांची मोठी स्पर्धा भरे. गावोगावच्या तरुण मंडळांनी स्वतः होडी बांधायची, ती वल्हवत पैलतीर गाठायचा आणि राणीसाहेबांपुढे उभं राहायचं.

एका गावात धाकोजी नावाचा म्हातारा सुतार होता. होड्या बांधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. एके दिवशी गावातली पोरं त्याच्याकडे आली. मंडळाची म्होरकी केसर म्हणाली, "काका, आम्हाला शिकवाल?"

"शिकवीन की! पण रंधा तुमच्या हातात राहील."

काम सुरू झालं. पोरांच्या फळ्या वाकड्या बसत, खिळे तिरके जात. धाकोजीचे हात शिवशिवत. वाटे, उठावं आणि घटकाभरात सगळं नीट करून द्यावं. मग तो हात पाठीमागे बांधून विचारी, "ही फळी अशी का बसली असेल, पोरांनो?"

होडी तयार झाली. धाकोजी म्हणाला, "आता हिच्या पोटात पाणी ओता." पोरांनी घागरी रिकाम्या केल्या, तर पाणी चहूकडून बाहेर झिरपू लागलं.

केसर रडकुंडीला आली. "शेजारच्या गावात कारागीरच होडी बांधून देतायत. काका, तुम्हीही हात लावा ना! आपण जिंकू."

"जिंकेन मी," धाकोजी म्हणाला. "तुम्ही नुसते होडीत बसून जाल."

केसर रागाने निघून गेली. दुसऱ्या दिवशी फिरकलीच नाही. धाकोजीला घास गोड लागेना. आपण फार कठोर झालो का? पण तिसऱ्या दिवशी पोरगी आपणहून परत आली. मग सगळ्यांनी मिळून फट अन् फट उकरली, पुन्हा काथ्या ठासला, वर राळ फासली.

स्पर्धेच्या दिवशी भर खाडीत वारा उलटला. त्यांची होडी आणि शेजारच्या गावची होडी एकमेकींवर आदळल्या. दोन्हींच्या फळ्या उचकटल्या, पाणी आत शिरलं. शेजारची पोरं पैलतीरावर वाट पाहणाऱ्या आपल्या कारागिराला हाका मारू लागली. आपल्याच होडीत काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

धाकोजीही तिथेच उभा होता. ओरडून सांगायला त्याने तोंड उघडलं, तोवर केसरने दोराचा पीळ उकलून त्याचा काथ्या फटीत ठासलाही होता. पाणी थांबलं. मग तिने शेजारच्या होडीत उडी घेतली आणि तिचीही फट बुजवली.

दोन्ही होड्या सगळ्यांच्या मागून तीराला लागल्या. राणीसाहेबांनी सगळं पाहिलं होतं; त्या स्वतः पाण्यापर्यंत चालत आल्या.

"ही होडी कुणी बांधली?"

"आम्ही," पोरं एका सुरात म्हणाली.

राणीसाहेबांनी पोरांजवळ आलेल्या धाकोजीकडे पाहिलं. "मग या आजोबांनी काय केलं?"

केसर म्हणाली, "त्यांनी आम्हाला चुकू दिलं, राणीसाहेब. आणि चूक सापडेपर्यंत आमच्याजवळ उभे राहिले."

राणीने मानाचा शेला पोरांना दिला. पोरांनी तो धाकोजीच्या खांद्यावर घातला. म्हाताऱ्याचा ऊर अभिमानाने भरून आला. आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गावचा कारागीर आपल्या पोरांना घेऊन त्याच्या दारी आला. "मलाही शिकवा," तो म्हणाला, "शिकवायचं कसं ते."

तात्पर्य: शिकणाऱ्याचं काम जो करून देतो तो त्याला एक दिवस जिंकवतो; जो करवून घेतो तो त्याला जन्मभर तारतो.