बंद गाडी

सांगलीच्या एका सोसायटीत चेअरमन रणदिव्यांनी फळ्यावर नोटीस लावली, ‘आवारातल्या बंद गाड्या आठ दिवसांत हलवाव्यात.’ रोख कुंदाताई पेडणेकरांच्या वीस वर्षांच्या सेडानवर होता. रणदिव्यांच्या नव्याकोऱ्या गाडीशेजारी ती त्यांच्या डोळ्यांत खुपे.

कुंदाताई मात्र दर गुरुवारी वडिलांना, आबांना, त्याच गाडीतून मिरजेच्या दवाखान्यात नेत. पुस्तकं वाचून त्यांनी इंजिनाखालची, थरथर शोषणारी झिजलेली रबरंसुद्धा स्वतः बदलली होती.

त्या गुरुवारी कुंदाताई गाडीपाशी उभ्या होत्या आणि आबा सावकाश जिना उतरत होते. तेवढ्यात हातात चहाचा पेला घेऊन रणदिवे आले. पेला त्यांनी सेडानच्याच बॉनेटवर ठेवला आणि चार माणसं जमेपर्यंत आवाज चढवला.

“ताई, नोटीस वाचली ना? बंद गाडी इथं ठेवायची नाही. हे धूड भंगारात द्या.”

“आणि बंद नसेल तर?”

“तर शेडखालची माझी जागा तिला देतो!”

“बरं. आधी चहा घ्या, साहेब.”

रणदिव्यांनी घोट घेतला. चहा अजून गरमच होता.

कुंदाताई म्हणाल्या, “बॉनेटची ऊब आहे ती. इंजिन मघापासून चालू आहे, तुमच्या चहावर तरंगसुद्धा उठला नाही. या घडीला आवारात बंद नसलेली गाडी ही एकच. बाकीच्या कधी हलवायच्या? तुमचीही बंदच दिसते.”

माणसं खो खो हसली. आबा गाडीत बसले आणि काच खाली करून म्हणाले, “चेअरमन, शेड झाडून ठेवा. दुपारी येतोच आम्ही.”